आयर्लंडच्या जंप रेसिंगच्या दिवशी घोडा कसा लावायचा, लेपर्डस्टाउनचं २७ डिसेंबरचं कार्ड धरून

सात रेसचं कार्ड (त्या दिवसाच्या रेसची यादी) असलं म्हणून सातही रेस खेळायच्या नसतात, हे घरून निघतानाच ठरवून टाका आणि मग पुढचं वाचा. नाताळच्या सुट्टीत डब्लिनमधली आपली बरीच मंडळी लेपर्डस्टाउनच्या रेसकोर्सला जातात, लुआस ट्रामच्या ग्रीन लाइनने सँडीफर्डला उतरलं की जवळपास पोचलोच, आणि आत गेल्या गेल्या पहिल्या रेसपासून 'नाव भारी आहे', 'जॉकीचा शर्ट मस्त आहे' असं करत वीस-वीस युरो लावत सुटतात, चौथ्या रेसपर्यंत खिसा साफ, मग उरलेला दिवस थंडीत चिप्स खात दुसऱ्यांचे घोडे बघायचे. मजा म्हणून जायचं असेल तर तेही ठीक आहे, कोणाची ना नाही. पण जरा डोकं लावून खेळायचं असेल तर हे वाचा.

२७ तारखेचं कार्ड धरलंय कारण त्या एका दिवसात सगळे नमुने बघायला मिळतात. मेडन हर्डल असते (हर्डल म्हणजे छोट्या अडथळ्यांची रेस), ग्रेड वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची, नॉव्हिस (नवख्यांची) हर्डल असते, दोन मैल एक फर्लांगाची (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) ग्रेड वन चेस, म्हणजे मोठ्या फेन्सची रेस, असते जिच्यात बरेचदा पाच-सातच घोडे पळतात, आणि मग पॅडी पॉवर चेस, तीन मैलांची हँडिकॅप, म्हणजे रेटिंगप्रमाणे वजन देऊन पळवलेली रेस, २८ पर्यंत घोडे, नुसता गोंधळ. शेवटी बहुतेक बंपर, म्हणजे उड्या नसलेली रेस.

महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर खेळलेले असाल तर भाव, विन (पहिला येण्यावर पैसे), प्लेस (पहिल्या काही नंबरांत येण्यावर पैसे), टोट (सगळ्यांचे पैसे एकत्र करून वाटणारी खिडकी) हे सगळं माहितीच आहे, पण तिथला हिशोब इथे जसाच्या तसा चालत नाही. तिकडे सगळं फ्लॅट, गेटमधून सुटले की दीड-दोन मिनिटांत निकाल. इथे गेटच नसतं, आडवी दोरी उघडली की सुटले, दोन मैलांनाही चारेक मिनिटं लागतात आणि तीन मैलांना सहाच्या वर, आणि वाटेत उड्या. हर्डल किमान साडेतीन फुटांची असते, थोडी वाकते, पाय लागला तरी बरेचदा निभावतं. चेसचा फेन्स किमान साडेचार फूट, तो वाकत-बिकत नाही. वजनंही स्टोन-पाउंडात लिहिलेली असतात, एका स्टोनचे १४ पाउंड, म्हणजे कार्डावर ११-१० दिसलं तर १६४ पाउंड, साधारण साडेचौऱ्याहत्तर किलो. तिकडे पन्नास-साठ किलोची सवय असलेल्याला हा आकडा छपाईची चूक वाटतो. हा सगळा प्रकार सुरूच मुळात आयर्लंडमध्ये झाला, १७५२ मध्ये कॉर्क काउंटीत बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, साडेचार मैलांच्या आसपास, दोघांनी पैज लावून घोडे पिटाळले होते, वाटेत येईल ती भिंत आणि कुंपण ओलांडत. म्हणजे पैज आधीपासूनच आहे, आपण काही नवीन करत नाही.

आता कामाचं. आदल्या रात्री कार्ड उघडलं की घोड्यांची नावं नंतर बघा, आधी गोइंग बघा, म्हणजे जमीन कशी आहे ते. गुड, यील्डिंग, सॉफ्ट, हेवी, आणि मधल्या पायऱ्या, गुड टू यील्डिंग, यील्डिंग टू सॉफ्ट वगैरे. यील्डिंग हा शब्द इंग्लंडच्या कार्डावर दिसत नाही, इथलाच आहे, गुड आणि सॉफ्टच्या मधलं समजा. जंप रेसिंगमध्ये जमिनीइतका दुसरा कशाचाच फरक पडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. हेवीवर पंधरा लांबीने (एक लांबी म्हणजे घोड्याच्या अंगाएवढं अंतर) जिंकलेला घोडा कोरड्या जमिनीवर नुसता वेगातच मागे पडतो, आणि उलटही होतं, हलक्या पायाचा घोडा चिखलात शेवटच्या अर्ध्या मैलात उभाच राहिल्यासारखा दिसतो. लेपर्डस्टाउनला आणखी एक गंमत म्हणजे चेसच्या ट्रॅकचं आणि हर्डलच्या ट्रॅकचं गोइंग वेगवेगळं जाहीर होतं, बरेचदा चेसचा ट्रॅक जास्त कोरडा असतो, आणि लोक वरचा एकच शब्द वाचून दोन्हीकडे तोच धरतात. म्हणून हँडिकॅप चेसमधल्या घोड्याने मागच्या महिन्यात नाव्हनच्या किंवा नासच्या रेसकोर्सवर चिखलात काय केलं हे बघून उड्या मारू नका, त्याने आयुष्यात यील्डिंगवर किंवा त्याहून कोरड्यावर काही केलंय का ते शोधा. लेपर्डस्टाउन डावीकडे वळणारा ट्रॅक आहे, फेरी पावणेदोन मैलांची, आणि शेवटचा अडथळा झाल्यावर चढ. फेअरीहाउस आणि पंचेसटाउन उजवीकडे वळतात. काही घोडे एकाच बाजूला नीट वळतात, उडी मारताना दर वेळी उजवीकडे सरकणारा घोडा डाव्या ट्रॅकवर प्रत्येक फेन्सला दोन-दोन लांबी घालवतो, हे जुन्या रेसचे व्हिडिओ बघितले की पाच मिनिटांत कळतं, आकड्यांवरून कळत नाही.

फॉर्मचे आकडे डावीकडून उजवीकडे जुने ते नवे असे वाचायचे, शेवटचा आकडा म्हणजे अगदी मागची रेस. १ ते ९ म्हणजे नंबर, शून्य म्हणजे दहावा किंवा त्यामागे. एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकीला पाडलं, पी म्हणजे जॉकीने मध्येच थांबवला, बी म्हणजे दुसऱ्याच्या पडण्यात हा आडवा झाला. बी बघून घाबरू नका, त्यात घोड्याचा दोष नसतो. एफ एकदा असेल तर कुठल्या फेन्सला पडला ते बघा, पुढे असताना शेवटच्या फेन्सला पडलेला घोडा आणि तिसऱ्याच फेन्सला आडवा झालेला घोडा एक नव्हे. ओळीने दोन-तीन पी असतील तर मात्र सोडून द्या, कितीही भाव असू दे.

आता रेस खोडायच्या. पेन घ्या आणि खरंच काट मारा.

पहिली काट मेडन हर्डलवर. मेडन म्हणजे त्या प्रकारात अजून न जिंकलेले घोडे, आणि इथे त्यात विली मलिन्सचा एखादा फ्रान्सहून आणलेला नाहीतर पॉइंट-टू-पॉइंट (हौशी रायडरांची जंप रेस) जिंकून मोठ्या किमतीला विकला गेलेला घोडा असतो, भाव १/३ किंवा त्याहून कमी. मलिन्सचं प्रस्थ काय आहे हे माहीत नसेल तर, कार्लो काउंटीतल्या क्लोसटनला त्याचा तबेला, २००७-०८ पासून दर सीझनला आयर्लंडचा चॅम्पियन ट्रेनर तोच, आणि २०२४ आणि २०२५ ला ओळीने ब्रिटनचाही. तेव्हा तो घोडा बहुतेक जिंकेलच. पण १/३ म्हणजे तीस युरो लावून दहा कमवायचे, आणि तो चारात तीन वेळा जिंकला तरच तुम्ही जेमतेम बरोबरीत. हर्डलवर पहिल्यांदाच येणारा घोडा चारात तीन वेळा नक्की जिंकेल का, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. बघायची, लावायची नाही.

भावाचं गणित एकदा हातात बसवून घ्या, सोपं आहे. ५/२ म्हणजे खालचा आकडा दोन, दोघांची बेरीज सात, दोन भागिले सात, साधारण साडेअठ्ठावीस टक्के. म्हणजे बुकी म्हणतोय की हा घोडा शंभरात साडेअठ्ठावीस वेळा जिंकेल, तुम्हाला पस्तीस वाटत असेल तर लावा, वीस वाटत असेल तर कितीही आवडता असला तरी सोडा. सगळ्या घोड्यांचे टक्के मिळवून बघा, बेरीज शंभरच्या वर जाते, ते वरचे टक्के म्हणजे बुकीचं दुकान चालतं त्याचे पैसे. 'कोण जिंकेल' हा प्रश्न सगळेच विचारतात, 'या भावाला परवडतो का' हा फार कमी लोक विचारतात.

आणि ते चार फेव्हरिट (सगळ्यात कमी भावाचे घोडे) एकत्र गुंफून अॅक्युम्युलेटर लावायचं वेड. १/३ चे चार घोडे एकात एक गुंफले तर दहा युरोचे साधारण साडेएकतीस होतात, ऐकायला बरं वाटतं, पण त्यासाठी चारही सुखरूप पोचायला हवेत. इंग्लंडमधल्या २०१५ च्या चेल्टनहॅम फेस्टिव्हलचा पहिला दिवस आठवा, मलिन्सचे चार फेव्हरिट, चौघांवरही जॉकी रूबी वॉल्श, अर्ध्या आयर्लंडने चौघांना गुंफून लावलेलं. डुव्हान जिंकला, अन द सो जिंकला, फोगीन जिंकला, आणि चौथी अॅनी पॉवर पुढे असताना शेवटच्या हर्डलला पडली. बुकींचे कोट्यवधी पौंड तिथे वाचले. फ्लॅटमध्ये असं नसतं हो, पुढे असलेला घोडा तिथे पुढेच असतो.

दुसरी काट छोट्या ग्रेड वन चेसवर, पण पेन्सिलने, कारण इथे कधीकधी काहीतरी मिळतं. पाच घोडे, त्यात तीन मलिन्सचे असं चित्र नेहमीचं आहे. लोक काय करतात, पॉल टाउनंडने कुठला निवडला ते बघतात आणि तोच लावतात. टाउनंड पहिला जॉकी, त्याला निवड मिळते, त्यामुळे त्याच्या निवडीला अर्थ आहेच, पण तो अर्थ भावात आधीच जिरलेला असतो. त्याच तबेल्यातला दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचा घोडा त्याच चाऱ्यावर, त्याच गॅलपवर (सरावाच्या ट्रॅकवर) तयार झालेला असतो आणि भाव मात्र तिप्पट. २०२५ ची इंग्लंडमधल्या एनट्री रेसकोर्सवरची ग्रँड नॅशनल घ्या, टाउनंड आय अॅम मॅक्सिमसवर, तो दुसरा आला, आणि जिंकला त्याच तबेल्याचा निक रॉकेट, ३३/१ ने, वर विलीचाच मुलगा पॅट्रिक, तोही हौशी रायडर. दरवेळी असं होत नाही, म्हणून डोळे मिटून दुसरा घोडा लावा असं म्हणत नाहीये, पण मलिन्सचे तीन असतील तर तिघांचेही व्हिडिओ बघा एवढं नक्की. गॉर्डन एलियट या दुसऱ्या बड्या ट्रेनरच्या मोठ्या हँडिकॅपमधल्या फौजेलाही हेच लागू.

लांबून रेस बघताना एक उपयोगी गोष्ट. जे. पी. मॅकमॅनस या मालकाचे घोडे हिरव्या-सोनेरी पट्ट्यांत पळतात आणि एकाच रेसमध्ये त्याचे चार-पाचही असतात, तेव्हा सगळे सारखेच दिसतात, टोपी बघायची, पांढरी टोपी म्हणजे पहिली पसंती, बाकीच्यांच्या टोप्या वेगळ्या रंगाच्या. नाहीतर शेवटच्या फेन्सपर्यंत भलत्याच घोड्यासाठी ओरडत बसाल.

मग खेळायचं कुठे, तर माझ्या मते त्या मोठ्या हँडिकॅपमध्ये, पॅडी पॉवर चेससारख्या. ऐकायला उलटं वाटतं, २८ घोड्यांत कोण शोधणार. पण तिथे भाव पसरलेले असतात, बुकीचीही खात्री नसते, आणि वाचलेल्या माणसाला वाचल्याचा फायदा मिळायची जागा तीच असते. हँडिकॅपमध्ये प्रत्येक घोड्याला रेटिंग आणि त्यानुसार वजन, चांगल्याला जास्त, वाईटाला कमी, कागदावर सगळे एकत्र पोचावेत म्हणून. तेव्हा शोधायचं काय, तर ज्याचं रेटिंग अजून त्याच्या खऱ्या ताकदीपर्यंत पोचलेलं नाही असा घोडा. साधारणपणे वयाने लहान, सहा-सात वर्षांचा, फेन्सवर अजून पाच-सातच रेस झालेल्या, पण पडझड नाही. लांब अंतरावर पहिल्यांदाच येतोय आणि मागच्या रेसमध्ये शेवटच्या दोन फर्लांगात तोच सगळ्यात जोरात पळत होता, असं दिसलं तर त्याच्या नावापुढे खूण करा. दहा वर्षांचा, सगळ्यांना माहीत असलेला, दरवर्षी याच रेसमध्ये चौथा-पाचवा येणारा घोडा प्रेमळ असतो, पण त्याच्याबद्दल हँडिकॅपरला (रेटिंग ठरवणाऱ्याला) सगळं कळून चुकलेलं असतं. इथे अजून एक जुनी चाल आहे, घोडा मेडन हर्डलमध्ये तीनदा गपचूप, सहावा-आठवा करत पळवायचा, रेटिंग कमी मिळालं की हँडिकॅपमध्ये, लांब अंतरावर, आणि त्या सकाळी भाव २० वरून ८ वर. कार्डावर असा घोडा दिसला आणि बाजारात पैसे यायला लागले तर भुवया उंचवा. वजनात सूट मिळवून देणारा शिकाऊ जॉकी असेल तर नावापुढे ७, ५ किंवा ३ असतं, तितके पाउंड वजा. पोरगा चांगला असेल तर सात पाउंड म्हणजे फुकटचा माल.

हँडिकॅपमध्ये कोणीही जिंकू शकतो हे खरंच आहे, २०२१ ची आयरिश ग्रँड नॅशनल फेअरीहाउसला फ्रीव्हीलिन डिलनने १५०/१ ने जिंकली, जवळपास सगळी रेस पुढे राहून. म्हणून तिथे नुसतं विन न लावता ईच-वे लावा. ईच-वे म्हणजे दोन बेट, एक विनची एक प्लेसची, दहा युरो ईच-वे म्हणजे खिशातून वीस जातात, हे काउंटरवर गेल्यावर बऱ्याच जणांना कळतं. १६ किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये नेहमीच्या अटी म्हणजे पहिले चार, आणि भावाचा पाव हिस्सा. समजा १६/१ चा घोडा, दहा ईच-वे, तिसरा आला. विनचे दहा गेले, प्लेसला ४/१ चा भाव, चाळीस आणि तुमचे दहा असे पन्नास परत, वीस वजा करा, तीस नफा. जिंकला तर २२० हातात. मोठ्या रेसला काही कंपन्या पाच-सहा जागा देतात, पण तेव्हा पावाऐवजी पाचवा हिस्सा करतात, दोन्ही बघून घ्या.

ईच-वेची सगळ्यात चांगली जागा म्हणजे बरोबर आठ घोड्यांची रेस. आठला तीन जागा मिळतात, सातला दोनच. म्हणजे आठात एक तगडा फेव्हरिट आणि तीन-चार कामातून गेलेले असतील तर ८/१ च्या नीट उडी मारणाऱ्या घोड्याला तिसरं यायला फार काही करावं लागत नाही. फक्त एक धोका, रेसच्या आधी एक घोडा रेसमधून काढून घेतला की सात उरतात आणि तिसरी जागा गायब. तसंच १६ चे १५ झाले की चौथी जागा गायब. त्यामुळे जमीन एकदम बदलली असेल, रात्रभर पाऊस पडला असेल, तर कोण निघतंय ते कळेपर्यंत थांबा. आणि भाव घेतल्यावर एखादा घोडा निघाला तर तुमच्या नफ्यातून रूल फोरने कपात होते, निघालेला घोडा इव्हन मनीचा (१/१ भावाचा) असेल तर युरोला ४५ सेंट, १४/१ च्या वरचा असेल तर काहीच नाही. पैसे कमी आले म्हणून बुकीशी भांडू नका, तो नियम आहे.

भाव कुठे घ्यायचा. सकाळी दुकानात किंवा अॅपवर घेतलात तर बऱ्याच कंपन्या आयरिश रेसवर बेस्ट ऑड्स गॅरंटीड देतात, म्हणजे तुम्ही ८/१ घेतला आणि रेस सुटताना १२/१ झाला तर १२ ने पैसे मिळतात. रेसकोर्सवरच्या रिंगमधला बुकी हे देत नाही, पण तिथे दहा पाट्या शेजारी शेजारी असतात, फिरून बघा, एकाकडे ७ आणि चार पावलांवर ९ असं सर्रास दिसतं. पहिल्याच पाटीपाशी थांबणारे लोक बघून मला दर वेळी आश्चर्य वाटतं, भाजी घेताना तीन गाड्या फिरणारी हीच माणसं. ईच-वेच्या अटी पाटीवर लिहिलेल्या असतात, त्याही वाचा. तिकीट नीट ठेवा, तुमचा पुरावा तेवढाच. जिंकलेल्या पैशावर तुम्हाला टॅक्स नाही, बेटिंगचा कर बुकी भरतो. अठराच्या खालच्यांना बेट लावता येत नाही. भारतातल्या चुलतभावाने 'मलाही ऑनलाइन लावू दे' म्हटलं तर नाही सांगा, तिकडे २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणलीय, उगाच भानगड नको.

चार-पाच जण मिळून गेला असाल तर टोटचा प्लेसपॉट काढा, सहा रेसमध्ये प्रत्येकी एक घोडा प्लेसमध्ये आला पाहिजे. जॅकपॉट खेळलेल्यांना लगेच जमेल, फक्त इथे जिंकायची गरज नाही. सगळ्या सहा रेसमध्ये दोन-दोन घोडे घेतले तर ६४ लाइन (वेगवेगळ्या जुळण्या) होतात, ५० सेंटने ३२ युरो. त्यापेक्षा काट मारलेल्या रेस समजा तीन असतील तर त्यांत तो मलिन्सचा १/३ वाला एकटा घ्या आणि उरलेल्या तीनमध्ये दोन-दोन, आठच लाइन, ४ युरो. न परवडणारा फेव्हरिट असा कामी येतो, आणि दिवसभर सगळ्यांना ओरडायला काहीतरी राहतं.

रेसच्या आधी परेड रिंगला जरूर जा, पण तिथे घोडा निवडायला जाऊ नका, खोडायला जा. थंडीत मानेवर, मागच्या पायांमध्ये पांढरा फेस आलेला, सारखा ओढाताण करणारा घोडा रेसच्या आधीच अर्धी रेस पळून बसलेला असतो. आधीच ठरवलेला तुमचा घोडा असा दिसला तर पैसे खिशातच राहू द्या.

शेवटचा बंपर. उड्या नाहीत, दोन मैलांच्या आसपास सपाट, पुढे जंप करणाऱ्या कोवळ्या घोड्यांसाठी, आणि वर बहुतेक हौशी रायडर. अर्धे घोडे आयुष्यात पहिल्यांदा पळत असतात, त्यामुळे फॉर्म वाचायला काही नसतं, आणि हरलेली मंडळी नेमकं इथेच सगळं भरून काढायला जातात. पॅट्रिक मलिन्स ज्याच्यावर असेल त्याचा भाव आधीच पिळलेला असतो. खेळायचंच असेल तर पॉइंट-टू-पॉइंटमध्ये काय केलंय ते बघून पाच युरो, त्याच्या वर नाही.

२६ तारखेला जाणार असाल तर एक जास्तीची गोष्ट, त्या दिवशी लेपर्डस्टाउनसोबत लिमरिकला आणि डाउन रॉयललाही रेस असतात, जॉकी विभागले जातात, तेव्हा मोठा ट्रेनर आपला नेहमीचा जॉकी लिमरिकला का पाठवतोय हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. फेब्रुवारीतल्या डब्लिन रेसिंग फेस्टिव्हलला उलट, दोन दिवसांत आठ ग्रेड वन, सगळे मोठे घोडे तिथेच, गॅलोपाँ दे शाँ सारख्या घोड्याने आयरिश गोल्ड कप २०२३, २४, २५ असा सलग नेला, तिथे विन लावण्यापेक्षा मधल्या हँडिकॅप शोधा. आणि गॉलवेला जुलैच्या शेवटी जाणार असाल तर यातलं अर्धं विसरा, उन्हाळ्याची जमीन, शेवटचे दोन फेन्स उतारावर एकमेकांना चिकटून, आणि मग फिनिशपर्यंत लांबच लांब चढ, तिथे शेवटच्या फेन्सला पुढे असलेला घोडा जिंकलाच असं धरून नाचू नका.